सांठविलेला प्रकाश

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा छंद जोडूं नये, असें शहाणे सांगतात. परंतु मधुमेहानें आमच्या दृष्टिपटलास हात घातल्याचें नेत्रवैद्यांनीं सांगितलें, आणि त्याच आठवड्यांत आम्हीं दुर्बिणीची जुळवाजुळव आरंभिली. अंधूक होऊं लागलेल्या डोळ्यांस आकाशाची घाई सुटली होती!

आरसा ६ इंची, नाभ्यंतर ४८ इंच. नळी दारव्ह्याच्याच सुताराच्या हातची. कॅमेरा जोडला तों पडदा कोरा! प्रतिमा नळीच्या आंतच पडत होती. आरसा दीड इंच पुढें सरकविला, तेव्हां कोठें ती कॅमेर्‍यापर्यंत पोंचली. पुढें ध्रुवाचें प्रकरण. दारव्ह्यास तो क्षितिजापासून अवघा २० अंश वर, शेजारच्या कडुनिंबाआड. तरी अक्ष त्याच्याकडेच रोखावा लागतो. कारण पृथ्वी ४ मिनिटांत एक अंश फिरते, आणि यंत्र तितकेंच उलट फिरलें नाहीं तर तार्‍याची रेघ उमटते. त्यांत चार रात्री गेल्या.

मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ भिंगांतून आम्हांस राखेच्या ठिपक्यासारखा दिसला. ३० सेकंदांचीं ६० छायाचित्रें संगणकावर एकावर एक रचलीं, तेव्हां तोच गुलाबी होऊन फुलला.

“अहो, हा रंग खरा कीं यंत्राचा?” गृहिणीनें विचारलें.

खराच, तो तेथील हायड्रोजनचा. डोळा आलेला प्रकाश क्षणांत खर्चून टाकतो, कॅमेरा तो थेंबाथेंबानें सांठवितो, एवढाच भेद.

पुण्यास कावसजी दादाभाई नायगांवाला यांनीं २० इंची दुर्बीण उभारली होती. १८९८ सालीं जेऊर येथें खग्रास ग्रहणांत त्यांनीं सूर्याचा वर्णपट छायाचित्रांत धरला. १९१२ सालीं ते निवृत्त झाले. वेधशाळा मिटली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. आरशावर मुलामा पुन्हां चढवितां येतो, दृष्टिपटलावर नाहीं. दुर्बिणीस मात्र पाहणारा दुसरा मिळावा लागतो.

परवां शेजारचा शाळकरी मुलगा गच्चीवर आला. “सर, मी बटण दाबूं कां?” आम्ही बाजूस सरलों. त्या रात्रीं कडुनिंबाच्या फांद्यांतून ध्रुव त्यानेंच शोधून दिला. आम्हांस तो, खरें सांगावयाचें तर, दिसला नव्हता.