पाणी मानवणे

नव्याने गावात आलेल्याला आपल्याकडची वडीलधारी माणसे आधी विचारतात, ‘पाणी मानवले का?’ हा प्रश्न किती अक्षरशः घ्यायचा असतो, हे आम्हां उभयतांना तीन मासे गमावल्यावर उमगले.

ते डिस्कस होते. बशीसारखे गोल नि चपटे, अंगावर मोरपिसाची झाक. यांचे मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात. व्हिएन्नाच्या हेकेलने १८४० साली त्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिथल्या रिओ निग्रोचे पाणी उबदार, आम्ल आणि जवळजवळ क्षारविरहित. आमच्याकडचे मासे चेन्नईत पैदा झालेले, त्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती नदी पाहिलेली नसणार; तरी पाण्याविषयीचा हळवेपणा वारशाने आलेलाच. आणि इंदूरच्या आमच्या नळाला नर्मदा. तपासले तेव्हा सामू ७.८ भरला.

पार्सल तीस तासांनी हाती आले. घाई नको म्हणून आम्ही पिशवी उघडली आणि बारीक नळीने टाकीतले पाणी थेंब थेंब तिच्यात सोडत दोन तास बसून राहिलो. इतक्या मायेने आम्ही पाहुण्यांसाठीही कधी खपलो नसू. सकाळी तिन्ही मासे आडवे.

चूक त्या मायेतच होती. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्ल होते आणि त्यांच्याच उत्सर्गातला अमोनिया फारसा न बाधणाऱ्या रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो. त्यात आमच्यासारखे अल्कधर्मी पाणी मिसळले की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. आम्ही दोन तास थेंबाथेंबाने विषच कालवत होतो.

पुढच्या खेपेस सहा मासे मागवले, कारण हा कळपाने राहणारा जीव. व्यापाऱ्याकडून त्याच्या पाण्याचा सामू आधीच विचारून घेतला. आरओचे पाणी मिसळून वेगळ्या टाकीत तसेच पाणी केले, तापमान २९ अंशांवर ठेवले. बंद पिशवी वीस मिनिटे तरंगू दिली, मग मासे अलगद जाळीत घेऊन टाकीत सोडले. पिशवीतले पाणी मोरीत ओतले. दिवा मालवला. पहिला दिवस खाणे नाही.

दुसऱ्या दिवशी गोठवलेले ब्लडवर्म. (त्या लाल अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवल्यावरून घरात जे झाले, ते इथे नको.) पाच मासे चौथ्या दिवसापर्यंत खाऊ लागले. सहावा मात्र काळवंडून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा. आम्ही अन्न बदलले, दाणे लसणाच्या रसात भिजवले, काचेला नाक लावून तासन्‌तास बसलो. न खाल्लेले अर्ध्या तासात नळीने ओढून काढायचे, नाहीतर पाणी नासते. अशी नळी रोज भरून निघे. आठव्या दिवशी तो कडेने झिजलेला दिसू लागला.

आई एरवी टाकीकडे फिरकत नसत. त्या दिवशी येऊन म्हणाल्या, “मी साताऱ्याहून या घरात आले तेव्हा पहिला महिना घास उतरत नसे. सगळ्या सासवा-नणंदा पुढ्यात बसून ‘खा गं, खा गं’ करायच्या. एक दिवस सगळ्या लग्नाला गेल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्यानेच दोन भाकरी खाल्ल्या. तुम्ही उठा बघू तिथून.”

हे त्यांनी आम्हांला आजवर कधी सांगितले नव्हते. ज्यांच्याविषयी सांगितले, त्यांच्या तसबिरी त्याच भिंतीवर होत्या.

आम्ही काचेवर जुने लुगडे टाकले, चिमूटभर अळ्या सोडल्या आणि खोलीबाहेर आलो. दोन दिवस तसेच. अकराव्या दिवशी आईंनीच खूण करून बोलावले. लुगड्याच्या फटीतून पाहिले: त्याने एक अळी तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली आणि गिळली. मग दुसरी.

दिवा लावायला आमचा हात गेला होता. आईंनी तो धरला.