दोन्ही घरचा पाहुणा

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी" ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पण हल्ली पाहुणा उपाशी राहत नाही. तो दोन ठिकाणी टेबल धरतो, एका ठिकाणी पोटभर जेवतो आणि दुसरीकडे जातच नाही. मग उपाशी कोण राहतं?

हा प्रश्न आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निघाला, तो अमेरिकेतल्या मावसबहिणीमुळे. तिचे सासू-सासरे यंदा तिच्याकडे जाणार आहेत. मग पाच वर्षांच्या लेकीला घेऊन सगळे ओरलँडोचं डिस्नी वर्ल्ड बघणार. तिथल्या रेस्टॉरंटमध्ये ६० दिवस आधीपासून टेबल राखून ठेवता येतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायला तर केवढी झुंबड! म्हणून ताईनं एकाच संध्याकाळसाठी दोन टेबलं धरली. एक लेकीसाठी किल्ल्यात, दुसरं सासऱ्यांसाठी, जिथे शाकाहारी जेवण नीट मिळेल तिथे. "त्या दिवशी बघू कुठे जायचं ते," ती म्हणाली.

भाऊजींचं म्हणणं, "त्यात काय एवढं? गेलो नाही तर माणशी दंड कापतील. फुकट थोडंच अडवतोय?"

मला हे पटलं नाही. दंड रेस्टॉरंटला मिळतो. जागा मात्र तिसऱ्याच कुणाची तरी गेलेली असते, आणि त्याला कुणी काही देत नाही.

आम्हा भिलाईकरांची सहल म्हणजे मैत्रीबाग. भिलाई स्टील प्लांटनं १९७२ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघाच्या मैत्रीची खूण म्हणून ती उभारली. कुरुदहून डबे भरून निघायचं, पांढरे वाघ बघायचे आणि झाडाखाली सतरंजी पसरून पोळी-भाजी खायची. एका कुटुंबाची एक सतरंजी. "ऊन कुठे येतं ते बघून ठरवू," असं म्हणून कुणी दोन झाडांखाली दोन सतरंज्या टाकल्या असत्या, तर शेजारच्या आजींनी त्यातली एक गुंडाळून हातात दिली असती!

रिकाम्या टेबलाची किंमत मला कळली ती दोन वर्षांपूर्वी. आम्ही महाराष्ट्रात एका वॉटरपार्कला गेलो होतो. बाबांना मधुमेह आहे. गोळी घेतली की जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. रेस्टॉरंटच्या दारात आम्ही पाऊण तास उभे होतो, आणि आत सहा टेबलं रिकामी. प्रत्येकावर 'आरक्षित' अशी पाटी. वेटर बिचारा यादीतले नंबर फिरवत होता. म्हणाला, "लोक दोन-तीन ठिकाणी नाव लिहून ठेवतात. जिथे आधी नंबर लागेल तिथे जेवतात. आम्हाला कळवत नाहीत."

तेवढ्यात बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आईनं घाईघाईनं पर्समधली साखरेची पुडी त्यांच्या तोंडात रिकामी केली. बाबा सावरले. पण त्या दहा मिनिटांत आईचा चेहरा जसा झाला होता, तो मी विसरलेले नाही. ज्यांनी ती टेबलं धरली होती, ते वाईट लोक नसणार. त्यांनाही कुणाचे तरी लाड पुरवायचे असतील. दारात कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

रेल्वेचंही तेच. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता यायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के तिकिटं रद्द होत होती, आणि ४-५ टक्के प्रवासी तर तिकीट रद्द न करताच गैरहजर राहत होते, असं रेल्वेनं तेव्हा सांगितलं होतं. सणासुदीला दुर्गहून वेटिंगचं तिकीट काढून बसणाऱ्याला विचारा, तो गैरहजर प्रवासी त्याला किती महागात पडतो!

मी ताईला एवढंच विचारलं, "सासऱ्यांशी बोललीस का?" नव्हती बोलली. त्या रात्री बोलली. ते म्हणाले, "मला सूप आणि ब्रेडसुद्धा चालेल गं. नातीला किल्ल्यात जेवताना बघायचंय मला." ताईनं दुसरं टेबल लगेच सोडलं.

तेव्हा वाटलं, दोन टेबलं म्हणजे पुष्कळदा घरात न झालेलं एक बोलणं असतं. आपण आपल्या माणसांना विचारत नाही, आणि त्याचा भुर्दंड अनोळखी माणसांना पडतो.

तरी कधी खरंच ठरत नाही. सोबत लहान मूल असतं, कुणाची तब्येत नाजूक असते. अशा वेळी दोन जागा धरल्याच, तर कधीपर्यंत ठरवायचं तेही त्याच वेळी ठरवा आणि मोबाइलवर आठवण लावा. बेत पक्का झाला की दुसरी जागा त्याच मिनिटाला सोडा, रद्द करायची मुदत संपेपर्यंत थांबू नका. ॲपवर जमत नसेल तर फोन करा. "आम्ही येत नाही, टेबल दुसऱ्यांना द्या," एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. रेस्टॉरंटच्या दारात तेवढ्यासाठी कुणाची तरी आई पर्समध्ये साखर शोधत असेल.