परीस, परिसाला आणि त्यापरीस

सोलापूरच्या पूर्व भागात शिकवणाऱ्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कानडी, काही उर्दू. मराठी त्यांना शाळेत आणि गल्लीत मिळते. गल्लीतली मराठी झकास असते, पण पुस्तकातल्या शब्दांपाशी मुलं अडखळतात. मग आपण धड्याखालचे शब्दार्थ पाठ करून घेतो. परीक्षा झाली की शब्द गेले!

आठवीतली एक मुलगी वर्गात फारसं बोलत नसे. “आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून माझी मराठी कच्ची आहे,” असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. वर्गाच्या पेटीतून तिनं ‘हॅरी पॉटर आणि परीस’ नेलं. मंजुल पब्लिशिंग हाऊसचा मराठी अनुवाद, चांगलं जाडजूड पुस्तक. तिला एकच सांगितलं होतं, की अडलेला शब्द वहीत लिही, त्यापुढे तुला वाटलेला अर्थ लिही, आणि शब्दकोश शेवटी उघड.

पहिला शब्द अर्थातच परीस. तिनं अर्थ लिहिला होता, “पेक्षा?” मी चकित झाले. मग लक्षात आलं, शेजारच्या आजी म्हणतात ना, “त्यापरीस घरीच बसल्यालं बरं!” तो परीस तिच्या कानावर होता. पण पुस्तकातल्या परिसासाठी चोर काय येतात, पहारे काय बसतात. ‘पेक्षा’ची चोरी कोण करणार? तीनेक प्रकरणं गेल्यावर तिनंच खोडून लिहिलं, “सोनं करणारा दगड”. घरी आजीला विचारलं तर आजी म्हणाली, हा तर परुसवेदी! तेलुगूत परिसाला तेच म्हणतात. अक्कलकोटकडचा एक मुलगा लगेच म्हणाला, आमच्यात परुषमणी. मग फळ्यावर संस्कृतातला ‘स्पर्श’ लिहिला आणि तिन्ही शब्द त्याच्याभोवती मांडले. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त ती बोलली, कारण घरची तेलुगू आडवी आली नव्हती, उपयोगी पडली होती.

तिथंच व्याकरणही निघालं. नावात ‘परीस’ दीर्घ आणि आत ‘परिसाला’ ऱ्हस्व, हे कसं? गरीब-गरिबाला, बहीण-बहिणीला अशी रांग मुलांनीच लावली. हा नियम मी एरवी दरवर्षी शिकवते, पण तो कुणी आपणहून विचारत नाही.

मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ चं. युरोपातल्या किमयागारांच्या कल्पनेतला तो दगड सोनं करतो आणि माणसाला अमरही करतो. आपला परीस बिचारा लोखंडापुरता. अनुवादातला शब्द मूळ वस्तूवर तंतोतंत बसत नाही, हे मुलांनी पकडलं याचा मला फार आनंद झाला. (त्या गोष्टीतला निकोलस फ्लामेल पॅरिसमध्ये खरंच होऊन गेला, १४१८ साली वारला. हे सांगितल्यावर अर्धा तास गेला!)

अद्भुत गोष्टीत वस्तू डोळ्यांसमोर नसते, त्यामुळे शब्दाकडे नीट बघावंच लागतं. आम्हाला ‘मौन’ शब्द चांदोबातल्या विक्रमानं शिकवला. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. या मुलीच्या वहीत ‘अदृश्य’पुढे लिहिलंय, “असतो, पण दिसत नाही. हात लावला तर कळतो.” कोशातल्या ‘न दिसणारा’पेक्षा मला हा अर्थ आवडला. ‘क्विडिच’ मात्र कोशात सापडला नाही म्हणून ती रागावली होती. लेखिकेनं तो घडवलाय म्हटल्यावर, “मग मी पण करू का?” असं विचारून गेली.

अनुवादित वाक्यं कधीकधी खडबडीत लागतात, हे खरं. आणि पालकांची शंकाही रास्त आहे. तिची आई विड्या वळते, दिवसाचा हिशेब तिला पक्का ठाऊक. शाळेत येऊन तिनं सरळ विचारलं, “मॅडम, जादूचं पुस्तक वाचून काय व्हतंय? स्कॉलरशिपला येतंय का ह्ये?” मी शिष्यवृत्तीच्या सराव पुस्तकातलं समानार्थी शब्दांचं पान काढलं, वही शेजारी ठेवली आणि मुलीलाच समजावून सांगायला लावलं. मुलगी तेलुगूत बराच वेळ बोलत होती. मला सगळं कळलं नाही, परुसवेदी तेवढं कळलं.

आईचं पूर्ण समाधान झालंय असं नाही. सरावाचा पेपर आधी, पुस्तक नंतर, असं घरी ठरलंय. मात्र परवा निरोप आला, हिराचंद नेमचंद वाचनालयात लहान मुलांचं नाव घालायला काय काय लागतं?