अण्णांची चुकलेली वाट

आमचे अण्णा आता ऐंशीला टेकले आहेत. घोडेगावच्या घराच्या ओट्यावर बसून सकाळी पश्चिमेच्या डोंगराकडं बघत राहणं, हा त्यांचा नेम. गेल्या पौषात चहा घेता घेता ते एकदम म्हणाले, “मला एकदा आहुप्याचा घाट उतरायचाय.”

मी हातातला पेपर खाली ठेवला. “अण्णा, गुडघ्याला तेल लावल्याशिवाय तुम्हांला ओटा उतरवत नाही. घाट कुठला उतरताय?”

“गुडघा माझाय. तू नुसता संगं चल.”

आहुपे हे आमच्या आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेकडचं टोक. त्याच डोंगरात घोड नदी उगम पावते आणि पूर्वेकडं वाहत जाऊन भीमेला मिळते. कड्याच्या पलीकडं पडलेला पाऊस मात्र कोकणात उतरतो. कड्यावरून एक जुनी पायवाट खाली मुरबाड तालुक्यात खोपिवलीकडं जाते. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैल, अवजारं, घोंगड्या यांचा मोठा बाजार. घाटावरची माणसं या वाटेनं पायी त्या जत्रेला जात.

१९८१ साली मी अकरा वर्षांचा असताना अण्णांनी मलाही नेलं होतं. जत्रेत त्यांनी एक काळी घोंगडी घेतली. परत येताना निघायलाच उशीर झाला आणि घाट चढता चढता अंधार पडला. अर्ध्या वाटेवर अण्णा म्हणाले, “बस जरा, बिडी ओढतो.” मी घोंगडीत शिरलो आणि एका सपाट खडकावर झोपलो. जाग आली तेव्हा चांदणं पडलं होतं. आम्ही उठलो आणि वर आलो. मला एवढंच आठवत होतं. बाप किती निर्धास्त, घाटातसुद्धा कसा निवांत बिडी ओढत बसतो, याचं मला पुढं अनेक वर्षं कौतुक वाटे.

तर आम्ही निघालो. आधी डॉक्टरांना दाखवून घेतलं. दोघांना दोन काठ्या, भरपूर पाणी, भाकरी आणि ती जुनी घोंगडी घेतली. पहाटे गाडीनं डिंभ्याच्या धरणाकडेनं गेलो. मूळ आंबेगाव याच पाण्याखाली गेलं, तालुक्याला फक्त नाव उरलं. पूर्वी तिथून नदीकाठानं वाट होती, ती अण्णा मला बोटानं पाण्यावर दाखवत होते. पुढं माळीणचा फाटा आला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी इथं डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. अण्णांनी गाडी थांबवायला लावली, टोपी काढली आणि हात जोडले. तिथून आहुप्यापर्यंत ते काही बोलले नाहीत.

आहुप्यात ओळखीच्या घरी चहा झाला. त्या घरचा एक गडी वाट दाखवायला बरोबर आला. कड्यावर आलो तर खाली कोकण धुक्यात बुडालेलं आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके तेवढे वर निघालेले. मला वाटलं, अण्णा इथूनच डोळे भरून बघतील आणि परत फिरतील. ते सरळ घाटात उतरायला लागले.

एक पाऊल टाकायचं, काठी रोवायची, थांबायचं. उतरताना दम लागत नाही, पण सगळा भार गुडघ्यावर येतो. तासाभरानं एक कोरडा ओहळ आडवा आला. अण्णा तो ओलांडून दहा पावलं खाली गेले आणि मागं वळून वर बघत उभे राहिले. मग मला हाक मारली.

“हितं ये. आता खालनं वर बघ. काय दिसतंय?”

खालून बघितलं तर ओहळाच्या अलीकडून एक चांगली रुळलेली वाट सरळ वर गेलेली. खरी वाट ओहळ ओलांडून डावीकडं वळते, ती दगडांत दिसतच नव्हती.

“ती सरळ जाती ती गुरांची वाट हाय, आजा,” बरोबरचा गडी म्हणाला. “पुढं कड्याला जाऊन संपती.”

“त्या रातीला मी त्याच वाटंनं गेलो हुतो,” अण्णा म्हणाले. “तू मागं. पायाखालचा धोंडा सुटला आन् खाली पडल्याचा आवाजच लवकर येईना. तवा समजलो. तुला काय सांगणार? वीस पावलं मागं आलो आन् बसलो.”

“म्हणजे बिडी—”

“बिडी संपून दोन तास झाले हुते. पुनव हून तीन दिस झालेले, चांद उशिरा उगवणार. त्यात तो उगवतो कड्याच्या मागनं. डोक्यावर येईस्तवर घाटात उजेड न्हाई. तवर बसून काढलं. चाळीस वर्सं मनात हुतं, आपण चुकलो कुठं ते एकदा दिवसाउजेडी बघावं.”

तिथंच सावलीला बसून भाकरी खाल्ली. मी म्हटलं, “अण्णा, खाली जायचं ना?”

“खाली कशाला? बघायचं ते बघितलं. निम्मी ताकद चढायला ठिवावी लागती.” आणि स्वतःच उठून वर निघाले. यायला तीन तास लागले. घोंगडी मी खांद्यावर घेतली होती.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण पाय दुखणं हे नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावातल्या शेतकऱ्यानं मला त्याचा टोमॅटोचा प्लॉट दाखवला होता. झाडं पिवळी पडून खुरटली होती, दुपारी माना टाकत होती. मला नक्की कळलं नव्हतं. पण नवा साहेब, चार माणसं भोवती उभी; “कळत नाही” असं म्हणायची लाज वाटली. बुरशीचं औषध लिहून दिलं. झाड उपटून मूळ बघितलं असतं तर मुळांवरच्या गाठी दिसल्या असत्या. ते सूत्रकृमीचं काम होतं. बुरशीचं औषध तिथं काय करणार? प्लॉट गेला. पुढं मला माझी चूक उमगली, पण मी त्या बांधाकडं फिरकलो नाही. त्या गावचं काम निघालं की दुसऱ्याला पाठवत असे.

अंधारात वाट चुकल्यावर पुढं रेटणं सोपं असतं. थांबणं, वीस पावलं मागं येणं हे अवघड. अण्णांनी ते पोरासाठी केलं. मी पदवी घेऊनही केलं नव्हतं.

चार दिवसांनी मी त्या गावी गेलो. तो गृहस्थ आता साठीच्या पुढं आहे. ओट्यावर बसवून चहा दिला. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “साहेब, ते मला तवाच कळलं हुतं. दुसऱ्या दिशी मीच झाड उपटून बघितलं, मुळाला गाठीच गाठी. पुढं त्या रानात दोन हंगाम झेंडू केला, निंबोळी पेंड टाकली. रान सुधारलं.”

“मग मला बोलावलं का नाही?”

“वाट बघितली,” तो म्हणाला. “औषधाचं काय न्हाई, चुकतं माणूस. तुम्ही परत आला न्हाई, तेवढं लागलं.”

निघताना त्यानं मला रानात नेलं. कोबीतलं एक रोप मलूल दिसत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बसलो आणि आधी रोप उपटून मूळ बघितलं.