एकोणीस इंच

दुकानात मिळणाऱ्या खुर्च्या नक्की कुणाच्या मापाच्या असतात, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पडलेला आहे. माझी उंची ४ फूट १० इंच. शिक्षकखोलीतल्या खुर्चीत पाय अधांतरी लोंबकळत ठेवून मी जन्मभर वह्या तपासल्या. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना आपण अर्धा इंच इकडचा तिकडे खपवून घेत नाही, पण खुर्चीच्या बाबतीत मात्र माणसानेच तिच्या मापाचं व्हायचं, असं आपण सगळ्यांनी मुकाट मान्य केलेलं दिसतं. गंमत म्हणजे ‘खुर्ची’ हा शब्दही आपला नाही, अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. आपला खरा पाट. जमिनीपासून दोन-तीन इंच उंच, तो सगळ्यांना चालतो. अर्थात गुडघे शाबूत असेपर्यंत!

माझ्या पायांचं काही अडलं नव्हतं, लोंबकळत का होईना, नोकरी झाली. अडलं ते ह्यांचं. ह्यांना कंपवात आहे. लोकांना वाटतं कंपवात म्हणजे हात थरथरणं, पण घरात राहणाऱ्याला कळतं की थरथर त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. खरा त्रास शरीर ताठरण्याचा, आणि हालचाल सुरू करण्याचा. बसलेल्या माणसाला उठायचं असतं, मनाने तो उठलेलाही असतो, आणि शरीर जागेवरच. आमच्याकडे मऊ गुबगुबीत सोफा आहे, मुलाने हौसेने घेतलेला. त्यातून ह्यांना उठवायला दोन माणसं लागू लागली, आणि दिवसभर घरात माणूस एकच, ते म्हणजे मी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, “आजी, बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहिली पाहिजे.” त्या गेल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. रिकाम्या सोफ्याची बैठक जमिनीपासून १६ इंच. हे बसले की तीच १३. ह्यांच्या गुडघ्यामागची उंची १७. म्हणजे प्रत्येक वेळी हा माणूस चार इंचांच्या खड्ड्यातून वर येत होता.

फर्निचरची चार दुकानं फिरले. सगळीकडे एकच उत्तर, “मॅडम, हाच स्टँडर्ड साइज आहे.”

तेव्हा माझं वय ७२. हातात करवत कधी धरलेली नाही. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांना लाकूडकाम आणि मुलींना शिवणकाम असायचं, आणि त्या वाटणीबद्दल कुणाला काही वावगं वाटत नसे. मी मराठी शिकवायची, त्यामुळे सुताराची सगळी हत्यारं मला शब्दांनी ठाऊक होती. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या, कानस. यातली निम्मी समोर ठेवली असती तर कोणतं कुठलं हे मला सांगता आलं नसतं, इतकंच.

सुदैवाने माझा नववी ब मधला एक विद्यार्थी आमच्याच भागात सुतारकाम करतो. आता तोही पंचावन्नचा झाला आहे, केस पिकलेत, पण मला बघितलं की कानामागची पेन्सिल काढून उभा राहतो. त्याला सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, “बाई, माप द्या, परवा खुर्ची घरी आणून ठेवतो.” मी म्हटलं, “तू करून नको देऊस. शिकव.” तो जरा घोटाळला. कारण विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. कारण एवढंच होतं की ह्यांच्या आजारात माझ्या हाताने होण्यासारखं फार थोडं उरलं होतं. गोळ्या डॉक्टर ठरवतात, व्यायाम ताई ठरवतात. खुर्ची तरी मी ठरवणार होते.

पहिले आठ दिवस त्याने मला लाकडाला हातच लावू दिला नाही. “आधी माप पक्कं करा.” मग मी एका साध्या टणक खुर्चीवर सतरंज्यांच्या घड्या रचत गेले. १८ इंचांना ह्यांना दोन हेलकावे द्यावे लागले. १९ ला एका झटक्यात उठले. २१ केलं तर टाचा जमिनीवरून सुटायला लागल्या, आणि टाचा टेकत नसतील तर उंच बैठक काय कामाची? १९ इंच ठरलं. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, गोळीचा अंमल असताना आणि उतरल्यावरही करून बघितलं. एकोणीसच.

उठणाऱ्या माणसाकडे नीट बघत बसलं की आणखी दोन गोष्टी कळतात. उठण्याआधी आपण पाय मागे, खुर्चीखाली ओढून घेतो. म्हणून पुढच्या दोन पायांना खालून जोडणारी आडवी पट्टी नको, आणि खोक्यासारखी बंद बैठक तर नकोच. दुसरं म्हणजे हात टेकवून रेटा द्यायचा असतो तो मांडीच्या पुढच्या टोकापाशी. दुकानातल्या कित्येक ऐटदार खुर्च्यांचे हात मध्येच संपतात, ते फक्त फोटोपुरते. आमच्या खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणि बैठकीपासून सात इंच वर. पुढची पट्टी काढली की मजबुती कमी होते, त्यावर विद्यार्थ्याने तोड काढली: डाव्या-उजव्या पायांमध्ये खाली एकेक पट्टी, आणि त्या दोघींना बऱ्याच मागच्या बाजूला जोडणारी तिसरी. पाय मागे घ्यायला जागाही राहिली आणि खुर्ची डुगडुगायची भीतीही गेली.

खरं तर खुर्ची हे नवशिक्याचं काम नव्हे. चांगल्या खुर्चीत पाठ तिरकी, मागचे पाय तिरके, काटकोन शोधून सापडत नाही. शिकायचं तर आधी पाट, मग स्टूल, मग कपाटाचा साधा खण. मी एक स्टूल केलं आणि थेट खुर्चीवर उडी घेतली, पण सगळे कोन काटकोन ठेवून. पाठ सरळच. टेकायला उशी आहे.

लाकूड आणायला आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. लाकूड घनफुटाने मिळतं, आणि हिशोब अगदी सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार, भागिले १४४. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. माझी सगळी खुर्ची घनफुटाच्या आत बसत होती, तुकडे-तासकाम धरून सव्वा घेतलं. विद्यार्थ्याच्या आग्रहावरून जुनं सागवान घेतलं, पाडलेल्या वाड्याच्या चौकटींचं. वर्षानुवर्षं वाळून ते पक्कं झालेलं असतं. तोटा एकच, आत खिळे मुरलेले असतात. म्हणून लोहचुंबक फिरवून एकेक खिळा शोधून काढायचा, नाहीतर रंध्याचं पातं कामातून गेलंच म्हणून समजा. सागवानात मुळातच वाळूचा अंश असतो, त्यामुळे धार लवकर बसते. दिवसातून दोनदा पातं घासायचं. मला ते काम आवडायला लागलं, पाट्यावर चटणी वाटल्यासारखा त्यातही एक ठेका आहे.

सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि त्यातल्या एकाला ‘सूत’ म्हणतो. “बाई, दीड सूत जास्त आहे,” असं तो नुसत्या नजरेने सांगायचा. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दावरून आलेला, दोरी धरून सरळ रेघ काढणारा तो सूत्रधार. आपण नाटकातला एवढाच सूत्रधार लक्षात ठेवला. त्याला हे सांगितल्यावर तो खूष झाला, म्हणाला, “हे नववीत सांगायचंत की!”

रंधा मारणं म्हणजे जोर, अशी माझी कल्पना होती. ते तसं नाही. गव्हाच्या लोंबीवर देठाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलटं फिरवलं तर कुसळं टोचतात. लाकडाच्या रेषांचं तसंच आहे. दिशा बरोबर असली की माझ्यासारख्या म्हातारीच्या हातूनही कागदासारखी पातळ सालपटं निघतात आणि खोलीभर सागाचा तो तेलकट वास सुटतो. हे शेजारी बसून ती सालपटं गोळा करायचे. थरथरत्या बोटांनी उचलायची आणि पिशवीत टाकायची. त्यांचे हात त्या तासाभरात नेहमीपेक्षा निवांत असायचे, की तो माझा भास?

सांधे कुसवाचे. म्हणजे एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, ते कुसू, आणि दुसऱ्यात तिच्या मापाचं भोक पटाशीने पाडायचं. हल्ली सगळं स्क्रूने आवळतात, प्लायच्या कडेत स्क्रू मारतात आणि दोन वर्षांत तो ढिला झाला की कंपनीला नावं ठेवतात. कुसू भोकात लाकडी ठोकळ्याने ठोकून बसेल इतपत घट्ट हवं, पण हातोड्याने मारून मुटकून घालावं लागलं तर भोकाची भिंत फाटते. असे सोळा सांधे मी केले. रोज एक. सागाला तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी सांधा स्पिरिटने पुसून घ्यायचा. फेविकॉल १९५९ साली आलं. त्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून वापरत, त्याचा वास मला लहानपणापासून आठवतो, घर सोडून जावंसं वाटे.

चौकट जुळवली की ती काटकोनात आहे का हे बघायला गुण्या पुरत नाही, दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले की काम झालं. हे प्रमेय मुलांना पाठ असतं, पण ते कशासाठी आहे हे मला ७२ व्या वर्षी शिकंजे आवळताना समजलं.

बैठकीला एकच रुंद फळी न घालता पाच पट्ट्या घातल्या, दोन पट्ट्यांत एकेक सूत मोकळं सोडून. पावसाळ्यात आपली दारं फुगून अडकतात ना, तोच प्रकार. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. रुंद फळी दोन्ही कडांना चिकटवून टाकली तर उन्हाळ्यात कुठेतरी तडकणारच. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. इथे एक सूचना, हसण्यावारी नेऊ नका: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. ते आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यायचे, मगच कचऱ्यात.

खुर्चीला अडीच महिने लागले. विद्यार्थ्याने तेवढ्या वेळात तीन स्वयंपाकघरं उरकली असतील. मोबदला घेईना. मग मी त्याच्या नातीला रोज संध्याकाळी मराठीचं व्याकरण शिकवायचं ठरलं. सध्या ती समासात अडकली आहे.

खुर्चीत बसून ह्यांनी आधी दोन्ही हातांवर तळवे फिरवले, मग पाय मागे घेतले आणि उठले. काही बोलले नाहीत. परत बसले. परत उठले. असं पाच-सहा वेळा केलं, आणि मग म्हणाले, “आता चहा मीच आणतो.” चहा आणण्यासारखे हात राहिलेले नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण स्वयंपाकघरापर्यंत ते एकटे चालत आले, ओट्याला धरून उभे राहिले, आणि कपात मी ओतला.

आजार काही थांबून राहत नाही, म्हणून पायांना खालून टाचा बसवता येतील अशी भोकं विद्यार्थ्याने आधीच ठेवायला लावली होती. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. या पावसाळ्याच्या तोंडाशी सहा सुतांच्या चार टाचा करून लावल्या. बैठक आता पावणेवीस इंचांवर आहे. ह्यांच्या टाचा अजून जमिनीला टेकतात, रोज सकाळी मी खाली वाकून बघते.

आता न्हाणीघरासाठी स्टूल करायला घेतलं आहे. त्याला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लागतील आणि पायांच्या तळाशी रबर. माप घेऊन झालंय, तिथे ह्यांना साडेवीस लागतात.