पांढऱ्या थराच्या वर

सेंट्रिफ्यूज थांबला की रक्ताच्या नळीत तीन थर दिसतात. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि दोन्हींच्या मधे पांढऱ्या पेशींचा पातळसा पापुद्रा. माझ्या कामातला सगळा धोका त्या पापुद्र्यात आहे. मी शोधते तो, कॅन्सरच्या गाठीतून सुटलेला डीएनए वरच्या प्लाझ्मात असतो, आणि पांढऱ्या पेशींत पेशंटचा स्वतःचा, निरोगी डीएनए ठासून भरलेला असतो. पिपेटची टिप त्या थराला लागली की शोधायचं ते गर्दीत हरवलंच. म्हणून मी शेवटच्या थेंबापर्यंत प्लाझ्मा ओढत नाही. थराच्या वर थोडा सोडूनच देते. नव्या मुलींच्या ते जिवावर येतं. दहा मिलिलिटर रक्तातून जेमतेम चार-पाच मिलिलिटर प्लाझ्मा निघतो, त्यातलाही टाकायचा? टाकायचा. आणि घेतलेला पुन्हा, दसपट जोरानं, 16,000 जीवर फिरवायचा. एखादी पेशी चुकून आली असेल तर ती खाली बसते.

एवढं जपायचं कारण आकड्यांत आहे. एक नॅनोग्रॅम डीएनएमध्ये जीनोमच्या साधारण 300 प्रती असतात. नळीतून 20 नॅनोग्रॅम हाती आला तर झाल्या सहा हजार. त्यात गाठीचा वाटा हजारात एक असेल, तर शोधायच्या प्रती फक्त सहा. काढताना निम्म्या गेल्या, तर तीन. पुढचं मशीन कितीही महागडं असलं तरी नळीत नसलेली प्रत त्याला दिसणार नाही.

रक्तात मोकळा डीएनए असतो, हे मांडेल आणि मेते या शास्त्रज्ञांनी फ्रान्समध्ये 1948 सालीच दाखवलं. आमच्या परळमध्ये त्या वेळी टाटा हॉस्पिटल सुरू होऊन सात वर्षं झाली होती, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचा पाया घालत होते. काचेवरचा गाठीचा तुकडा हाच त्या काळचा पुरावा. आजही पहिलं निदान त्यावरच होतं, आणि ते तसंच व्हावं असं मला वाटतं.

मरणाऱ्या पेशींतून रक्तात येणारे डीएनएचे हे तुकडे बहुतेक 166 अक्षरांच्या आसपास असतात. हा आखूडपणा आमच्या फार कामाचा. काढलेल्या डीएनएची लांबी तपासताना हजारो अक्षरांचे तुकडे दिसले, तर समजायचं की पांढऱ्या पेशी नळीतच फुटल्या. बहुधा उशीर झालेला असतो. साध्या ईडीटीए नळीतलं रक्त काही तासांत फिरवावं लागतं, आणि जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की दादरहून परळला यायलाच तेवढा वेळ जातो. नळी घेऊन आलेल्या मामांना मी आधी एकच विचारते, रक्त किती वाजता काढलं? पेशी जपणाऱ्या खास नळ्यांत ते काही दिवस टिकतं, पण त्या महाग. बाहेरगावचे नातेवाईक त्या नळ्याही मोठ्या काळजीनं बर्फात घालून आणतात. त्या नळ्यांना बर्फ चालत नाही, हे रक्त घेणाऱ्या सिस्टरनंच समजावून द्यायला हवं.

पुढचं काम मला मनापासून आवडतं. प्रोटिनेज के घालून 60 अंशांवर अर्धा तास, म्हणजे प्रथिनं तुटतात. मग क्षाराच्या द्रावणात डीएनए सिलिकाच्या पडद्याला धरून राहतो, अल्कोहोलनं बाकीचं धुऊन जातं, आणि शेवटी 50 मायक्रोलिटरच्या आसपास द्रव उरतो. नुसत्या डोळ्यांना ते पाणीच. हे काम एका खोलीत आणि पीसीआरनं डीएनएच्या प्रती वाढवल्यानंतरची नळी उघडणं दुसऱ्या खोलीत, इथं तडजोड नाही. लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कुटायचा डंख सुरू असला की तिखट जसं शेजारच्या दुकानातल्या कापडालाही लागतं, तसं वाढवलेल्या डीएनएचं होतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातला बदल रक्तात सापडला, तर छातीत पुन्हा सुई न घालता त्यावरची गोळी सुरू करता येते. अमेरिकेत अशा रक्तचाचणीला 2016 साली मान्यता मिळाली. पण काही गाठी रक्तात फार थोडा डीएनए सोडतात. "मॅडम, बदल आला नाही म्हणजे चांगलंच ना?" असं एका मुलानं वडिलांची फाइल छातीशी धरून विचारलं, तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्या सहा प्रतींचा हिशोब सांगितला. रक्तात सापडलं नाही म्हणून गाठीत नाही, असं धरता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. रिपोर्टात ही ओळ मी ठळक अक्षरांत घालते, आणि डॉक्टरांना फोनही करते, म्हणजे त्यात आठवडा जात नाही.