रुळांच्या जागी चार चाकं

व्हँकुव्हरच्या पश्चिम भागात फ्रेझर नदीपासून फॉल्स क्रीकच्या खाडीपर्यंत सुमारे नऊ किलोमीटरची एक वाट जाते. नाव अर्बटस ग्रीनवे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपण स्टॅनली पार्क दाखवतो, कॅपिलानोचा झुलता पूल दाखवतो, पण या वाटेवर कुणी कुणाला नेत नाही. नेऊन दाखवायचं तरी काय? डांबरी पट्टा, बाजूला ब्लॅकबेरीच्या जाळ्या, लोकांनी लावलेले भाजीचे वाफे आणि घरांच्या परसदारची कुंपणं. मी मात्र पाऊस नसेल त्या प्रत्येक सकाळी या वाटेवर असतो आणि तेसुद्धा (मंडळी, हसू नका) स्केटबोर्डवर! वय शेहेचाळीस, डोक्यावर हेल्मेट, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप आणि पोळीभाजीचा डबा.

ही वाट मुळात रेल्वेची. कॅनेडियन पॅसिफिकने हा मार्ग १९०२ मध्ये सुरू केला. १९०५ पासून त्यावर बी. सी. इलेक्ट्रिक कंपनीच्या विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्या १९५२ मध्ये बंद झाल्या, पण मालगाड्या येत राहिल्या आणि शेवटची मालगाडी २००१ मध्ये गेली. मग या जागेचं करायचं काय, यावरून रेल्वे आणि शहर यांची चांगलीच जुंपली. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये निकाल शहरासारखा लागला. तरी जमीन रेल्वेचीच होती. २०१४ मध्ये रेल्वेने रुळांकाठचे लोकांचे वाफे हटवायला सुरुवात केली तेव्हा मोठा आरडाओरडा झाला. अखेर २०१६ मध्ये शहराने ५५ मिलियन डॉलर मोजून ही पट्टी विकत घेतली. रूळ गेले, डांबर आलं.

आता यात स्केटबोर्डचा काय संबंध? तर उतार! लोखंडी रुळावर लोखंडी चाक, म्हणजे पकड कमी. म्हणून रेल्वे बांधणारा माणूस चढ-उतार जितका सौम्य ठेवता येईल तितका ठेवतो. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ म्हणजे केवढा बिकट समजला गेला. गाडीची दिशा उलटवायला तिथे वेगळं स्टेशन बांधावं लागलं होतं. स्केटबोर्डचं दुखणं तेच. त्याला ब्रेक नसतो. मागचा पाय उचलायचा आणि बुटाचा तळ रस्त्यावर घासायचा, हाच ब्रेक. घर्षण शून्य धरलं तर नुसती दहा मीटर उंची उतरताना वेग ताशी ५० किलोमीटर होतो. कागदावर करून पाहा. घर्षण असतं म्हणून आपण वाचतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. शेजारच्या रस्त्यांवर काही उतार असे आहेत की मी तिथे बोर्ड काखोटीला मारून मुकाट चालतो. रुळांच्या वाटेवर मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा सर्व्हेयरने माझी काळजी आधीच घेऊन ठेवली आहे.

बोर्ड माझा नव्हे, लेकीचा. ती वॉटरलूला शिकायला गेली आणि तो बेसमेंटमध्ये पडून राहिला. मी उलटा करून पाहिला आणि ओळख पटली. चाकांत ६०८ नंबरची बेअरिंग, आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजबाहेर टाकलेली जुनी बेअरिंग गोळा करून, फळीला ठोकून आम्ही पोरं गाडा करायचो. त्याचा खडखडाट अख्ख्या गल्लीला ऐकू जाई आणि आजोबांची दुपारची झोप मोडे. इथली चाकं पॉलियुरेथेनची, त्यामुळे आवाज कमी. फळी मेपलच्या सात थरांची, म्हणजे ज्याचा पाक आपण पॅनकेकवर ओततो आणि ज्याचं पान झेंड्यावर आहे तेच झाड. लहान कडक चाकं उड्या मारणाऱ्या पोरांची. जा-ये करायला ७० मिलिमीटरची मऊ चाकं घ्यावीत. खडा आला तर कडक चाक तिथल्या तिथे अडतं आणि माणूस पुढे जातो. हे मला एका पाइनच्या बोंडाने शिकवलं. मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं आणि सौ. ने बोर्ड कपाटात कुलूपबंद केला होता. मनगटाला गार्ड आणि कोपराला पॅड लावायच्या अटीवर तो सुटला.

लेकीने सुट्टीत येऊन शिकवणी घेतली. "बाबा, पायाकडे नको बघू, जिथे जायचंय तिथे बघ." आणि खरंच, नजर जाते तिकडे खांदे वळतात आणि खांद्यांमागून बोर्ड.

कायद्याचंही सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. व्हँकुव्हरमध्ये ज्या छोट्या रस्त्यांवर मधली पिवळी रेघ नाही, तिथे स्केटबोर्ड चालवायला मुभा आहे. मोठ्या रस्त्यांवर नाही. कॅनडात गावोगाव नियम निराळे, तेव्हा आपापल्या शहराचा नियम आधी वाचावा.

आमच्या घरापासून, म्हणजे ५७ व्या अव्हेन्यूपासून, ब्रॉडवेवरच्या ऑफिसपर्यंत पाचेक किलोमीटर. चालत तास लागतो, बोर्डवर पंचवीस मिनिटं. केरिसडेलपर्यंत पाय मारावे लागतात, पुढे उत्तरेकडे सौम्य उतार. परतताना तोच चढ होतो, मग सरळ बस पकडतो. बोर्ड पायाशी उभा राहतो. सायकलवाल्याला बसच्या पुढच्या रॅकवर जागा शोधावी लागते आणि बाहेर लावलेल्या सायकलीची दिवसभर चिंता असते. माझं वाहन टेबलाखाली झोपलेलं असतं.

वर्षभर असं चाललं तेव्हा आम्ही दुसरी गाडी विकून टाकली. गंमत नंतरच आहे. गणपतीत एका स्नेह्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "नोकरीचं सगळं ठीक आहे ना?" त्याचा तरी काय दोष? मास्टर्स करून आपण आलो, पहिल्या पगारात सेकंडहँड गाडी घेतली, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढला आणि घरी पाठवला. दोन गाड्या ड्राइव्हवेत उभ्या राहिल्या की आपलं बस्तान बसलं, असं आपल्यातल्या बहुतेकांचं गणित. गाडी कमी झाली की लोक उलटा हिशेब मांडतात. सौ. ला ते लागलं, महिनाभर तरी. आता तीच कुणी विचारलं तर इन्शुरन्सचा वाचलेला आकडा सांगते, थोडा फुगवून. आईला मात्र व्हिडिओ कॉलवर बोर्ड दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "व्हय रं, इतकं शिकून शेवटी गाडाच का?"

ऑक्टोबरपासून इथे पाऊस लागतो. ओल्या डांबरावर चाकं घसरतात, बेअरिंग गंजतात, मेपलचे थर सुटतात. तेव्हा मार्चपर्यंत मीही इतरांसारखा बसमध्ये छत्री झटकत उभा असतो. शहराने ही पट्टी घेतली ती पुढेमागे इथे ट्राम आणायची सोय ठेवूनच. रूळ परत आले तर मी फळीवरून उतरून गाडीत बसेन. उन्हाळ्यात लेक येणार आहे. तिचा बोर्ड तिला परत द्यावा लागेल, म्हणून मी माझा वेगळा बघून ठेवला आहे. सौ. ला अजून सांगितलेलं नाही. अंक हातात पडला की कळेलच.